परवाना मिळाला, पण आवाज किती? ध्वनिक्षेपकाविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळी आटोपली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. स्नेहसंमेलने, लग्नसराई, संस्थांचे वर्धापनदिन आणि मोकळ्या मैदानावरच्या मैफली यांचे हे दिवस असल्यामुळे ध्वनिक्षेपकाच्या परवानगीबाबत एकाच वेळी अनेक प्रश्न येतात. त्यांतले काही निवडून येथे उत्तरे देत आहे. सर्व उत्तरांचा आधार एकच आहे, तो म्हणजे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केंद्र सरकारने केलेले ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त शेजारच्या महापालिकेच्या मैदानावर सुगम संगीताचा कार्यक्रम करायचा आहे. तिकीट नाही, सुमारे ५०० श्रोते येतील. मैदानाची पावती फाडली आहे. आणखी काही परवानगी लागते का? — संस्थेचे सचिव, ठाणे

उत्तर : लागते, आणि मुख्य परवानगी तीच आहे. मैदानाची पावती आपल्याला जागा वापरण्याचा हक्क देते, आवाज करण्याचा नाही. नियम ५ च्या पहिल्याच उपनियमानुसार सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी परवानगी घेतल्याशिवाय ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. ठाण्यासारख्या पोलीस आयुक्तालयाच्या शहरात हे अधिकार पोलिसांकडे असतात, आणि व्यवहारात अर्ज ज्या हद्दीत मैदान येते त्या पोलीस ठाण्यात द्यावा लागतो. अनेक ठाण्यांत हे काम गोपनीय शाखेकडे असते. तेव्हा आत गेल्यावर आधी तेथेच चौकशी करावी, म्हणजे दोन हेलपाटे वाचतात.

अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर करावा. त्यात कार्यक्रमाचे स्वरूप, तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, अपेक्षित श्रोते, जबाबदार व्यक्तीचे नाव व भ्रमणध्वनी क्रमांक हे तर असावेच. परंतु बहुतेक अर्जदार जे लिहीत नाहीत तेही लिहावे, म्हणजे स्पीकर किती, ते कोठे उभे राहणार, त्यांची तोंडे कोणत्या दिशेला असणार आणि सर्वांत जवळची राहती इमारत, रुग्णालय किंवा शाळा किती अंतरावर आहे. हाताने काढलेला साधा नकाशा जोडला तरी पुरतो. मैदानाच्या पावतीची प्रत, कार्यकारिणीच्या ठरावाची प्रत आणि साउंडवाल्याचे नाव-पत्ता सोबत द्यावा. पोलीस आपल्याकडून नियम पाळण्याचे हमीपत्र घेतील. त्यावर सही करण्यापूर्वी ते वाचावे, कारण उद्या कारवाई झाली तर ती सही करणाऱ्यावर होते, गायकावर किंवा निवेदकावर नाही.

मंडप मोठा असेल तर अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला आणि रस्त्यावर वाहने उभी राहणार असतील तर वाहतूक शाखेचा अभिप्राय मागितला जाण्याची शक्यता धरून चालावे. म्हणूनच महिनाभर आधी अर्ज देणे शहाणपणाचे ठरते. दिलेल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. मात्र ही पोच म्हणजे परवाना नव्हे. नियमाला लेखी परवानगी अभिप्रेत आहे. त्यामुळे पोलिसांनी काहीच कळवले नाही, म्हणजे त्यांची हरकत नाही, असा अर्थ काढता येत नाही. प्रत्यक्षात परवान्याचा कागद कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी हातात पडण्याचा अनुभव अनेक आयोजकांना येतो. तो मनस्ताप टाळायचा असेल तर आठवडाभर आधी एकदा स्वतः जाऊन पाठपुरावा करावा.

वेळेबाबत एकच सांगतो. रात्री १० ही शेवटचे गाणे सुरू करण्याची वेळ नाही, आवाज बंद होण्याची वेळ आहे. आभारप्रदर्शन, पसायदान आणि मान्यवरांचे सत्कार हे सारे त्याच्या आत बसवायचे असते. सत्कार दहा मिनिटांत आटोपतील असा हिशेब आजवर कोणत्याही संस्थेचा बरोबर आलेला मी पाहिलेला नाही. तेव्हा कार्यक्रम साडेसहाला ठेवावा आणि पत्रिकेवर साडेपाच छापण्याची चतुराई करू नये, कारण लोक ती ओळखून असतात.

प्रश्न : मंडळाला परवाना मिळतो तेव्हा ७५ डेसिबलपर्यंत आवाज चालतो, असे आम्ही धरून चालतो. तरीही मागच्या वर्षी आमच्यावर मर्यादा ओलांडल्याचा ठपका आला. स्पीकर निम्मे केले होते. मग चुकले कोठे? — एका मंडळाचे कार्यकर्ते, सातारा

उत्तर : आपल्या पत्रात दोन गैरसमज आहेत, आणि दोन्ही इतके सार्वत्रिक आहेत की त्यांचे उत्तर थोडे विस्ताराने देणे भाग आहे.

पहिला गैरसमज ७५ या आकड्याचा. नियम असे सांगतो की सार्वजनिक जागेच्या हद्दीवर मोजलेला आवाज त्या क्षेत्राच्या विहित मानकापेक्षा १० डेसिबल अधिक, किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या पुढे जाता कामा नये. ‘जे कमी असेल’ हे तीन शब्द वाचायचे राहून जातात. दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत, मानके अशी आहेत : औद्योगिक क्षेत्रात ७५, व्यापारी क्षेत्रात ६५, निवासी क्षेत्रात ५५ आणि शांतता क्षेत्रात (रुग्णालय, शैक्षणिक संस्था, न्यायालय यांच्याभोवती घोषित केलेल्या परिसरात) ५० डेसिबल. रात्रीसाठी हेच आकडे अनुक्रमे ७०, ५५, ४५ आणि ४० आहेत. आता आपले मंडळ पेठेतल्या बाजारपेठेत असेल तर ६५ अधिक १० म्हणजे ७५, आणि आपली समजूत योगायोगाने बरोबर ठरेल. परंतु ते निवासी वस्तीत असेल तर मर्यादा ६५ वर थांबते. ६५ आणि ७५ मध्ये फरक दहाचाच दिसतो, पण डेसिबलची मोजपट्टी साध्या फूटपट्टीसारखी नसते. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो.

येथे एक पळवाट काही जण सुचवतात, ती अशी की रस्त्यावरची रहदारीच मुळात ७० च्या घरात असते, मग त्यात आमचे दहा मिळवा. ती चालणार नाही. नियमात शब्द ‘मानक’ असा आहे. त्या दिवशी तेथे प्रत्यक्ष किती गोंगाट होता याच्याशी त्याचा संबंध नाही.

दुसरा गैरसमज स्पीकरच्या संख्येचा. स्पीकर निम्मे केले आणि प्रत्येकाचा आवाज तोच ठेवला, तर एकूण आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो, आणि एवढा फरक गर्दीत उभ्या असलेल्या माणसाच्या ध्यानातही येत नाही. आपण स्पीकरची भिंत उतरवली, पण आवाजाचे बटन तेथेच ठेवले. मोकळ्या जागेत एका स्पीकरचा आवाज अंतर दुप्पट झाले की साधारण ६ डेसिबलने कमी होतो. म्हणजे स्पीकरपासून एक मीटरवर १०० डेसिबल असतील तर १६ मीटरवर ७६, ३२ मीटरवर ७० आणि ६४ मीटरवर ६४. निवासी भागातली ६५ ची मर्यादा गाठायला आपल्याला मंडप आणि हद्द यांच्यामध्ये ५५ मीटरहून अधिक मोकळी जागा हवी. गल्लीत ती कोठून येणार? हद्द पाच मीटरवर असेल तर स्पीकरजवळ एक मीटरवरचा आवाज ७९ च्या आसपासच ठेवावा लागतो, आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींवरून आवाज उलटून येत असल्याने त्याहूनही कमी.

म्हणून दोन प्रचंड स्पीकर कोपऱ्यात उभे करून शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्यापेक्षा लहान स्पीकर जास्त संख्येने, श्रोत्यांच्या जवळ, तोंडे किंचित खाली वळवून लावावेत. ऐकणाऱ्याला शब्द नीट कळतात आणि हद्दीबाहेर आवाज कमी जातो. भजन, व्याख्यान, आरती यांना एवढे पुरते. ज्यांना छाती हादरवणाराच आवाज हवा आहे त्यांच्यासाठी मात्र माझ्याजवळ युक्ती नाही, कारण तो आवाज आणि हा नियम एका गल्लीत नांदूच शकत नाहीत.

जाता जाता आणखी एक गोष्ट. ही मोजणी ‘ए’ भारित डेसिबलमध्ये होते. माणसाच्या कानाला खर्जातला आवाज कमी जाणवतो म्हणून या पद्धतीत तो कमी धरला जातो. ६३ हर्ट्झच्या सुमारास ही वजावट जवळजवळ २६ डेसिबलची असते. परिणामी खिडकीची तावदाने थरथरत असताना मापकावरचा आकडा सभ्य दिसू शकतो. शेजारी खोटे बोलत आहेत असे समजण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे. मोबाइलमधले मापक अॅप अंदाज घेण्यापुरते बरे. पोलिसांसमोर पुरावा म्हणून ते पुढे करू नये, कारण ते प्रमाणित केलेले नसते.

प्रश्न : मुलीच्या लग्नाआधीचा संगीताचा कार्यक्रम नाशिकजवळच्या एका लॉनवर आहे. लॉनचे मालक म्हणतात की जागा खासगी आहे, त्यामुळे रात्री बारापर्यंत अडचण नाही. हे खरे का? — वधूपिता, नाशिक

उत्तर : नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सूट आहे ती बंदिस्त जागेला, आणि तीसुद्धा आतल्या आत आवाज पोहोचवण्यापुरती. सभागृह, परिषद-कक्ष, समाजमंदिर, मेजवानीचे दालन अशी उदाहरणे नियमात दिली आहेत. वर आकाश आणि भोवती कनातीचे कापड असलेले लॉन बंदिस्त होत नाही. जागा खासगी असल्याने फरक पडतो तो उलट दिशेने : खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर क्षेत्राच्या मानकापेक्षा फक्त ५ डेसिबलने अधिक असू शकतो, म्हणजे सार्वजनिक जागेपेक्षा येथे मुभा कमी आहे. मालकांकडे पोलिसांचा लेखी परवाना आहे का आणि तो आपल्या तारखेचा आहे का, हे अनामत रक्कम देण्यापूर्वी डोळ्यांनी पाहावे. नाचगाणे दहापर्यंत मोकळ्यावर आणि नंतरचा कार्यक्रम लॉनला लागून असलेल्या दालनात, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी जमते.

आपण गाण्यांच्या हक्कांविषयीही विचारले आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधींना दिलेल्या सवलतीत लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित सामाजिक समारंभ यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तिकीट लावून केलेल्या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमाला ती सवलत लागू नाही.

प्रश्न : आमचे संगीत मंडळ गावाबाहेरच्या मोकळ्या पटांगणात रात्रभराची शास्त्रीय मैफल करू इच्छिते. शास्त्रीय संगीताला काही वेगळी सवलत आहे का? — एक रसिक, मिरज

उत्तर : संगीताच्या प्रकारावरून सवलत नाही, नियमाला मालकंस आणि डॉल्बी यांतला भेद कळत नाही, आणि कायद्याने तो करू नये असेच माझे मत आहे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर रंगत असे आणि उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी ऐकायला मिळत. त्या महोत्सवालाही रात्री दहाची वेळ पाळण्यासाठी आपले स्वरूप बदलावे लागले. आपल्या मंडळाने वेगळी अपेक्षा ठेवू नये.

तरीही मार्ग आहेत. राज्य सरकारला सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून एकूण १५ दिवसांपर्यंत रात्री १० ऐवजी १२ पर्यंत ध्वनिक्षेपकास मुभा देता येते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात रात्रीच्या बंदीवर शिक्कामोर्तब केले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये या पंधरा दिवसांच्या तरतुदीलाही वैध ठरवले. हे दिवस आधी जाहीर करावे लागतात आणि राज्याने अधिकार दिल्यास जिल्हा प्राधिकारी आपल्या जिल्ह्यापुरते ते ठरवू शकतात. त्यामुळे सांगलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चालू वर्षाचा आदेश पाहावा आणि मैफलीची तारीख त्यातल्या एखाद्या दिवसाला जुळवून घ्यावी. पोलीस ठाण्यात जाऊन आमच्यासाठी एक दिवस वाढवून द्या अशी विनंती करण्यात अर्थ नाही; तो अधिकार ठाणे अंमलदाराकडे नसतोच. मुभा मिळाली तरी ती वेळेपुरती असते, आवाजाची मर्यादा सैल होत नाही.

दुसरा मार्ग मला अधिक आवडतो. दिवस सकाळी ६ ला सुरू होतो. ललत, भैरव, तोडी यांची प्रातःकालीन मैफल मोकळ्या पटांगणात, हिवाळ्याच्या थंडीत, पूर्ण नियमात बसते. रात्रीचा राग दरबारी मात्र बंद सभागृहातच ऐकावा लागेल. ध्वनिक्षेपकाशिवाय बैठक करू, असेही आपण सुचवले आहे. पण २०१० च्या दुरुस्तीनंतर रात्रीच्या बंदीत वाद्ये आणि आवाज निर्माण करणारी साधनेही आली आहेत. पटांगणात आसपास वस्ती नसल्याने कोणी तक्रार करणार नाही हे कदाचित खरे असेल, परंतु मंडळाने त्या भरवशावर पत्रिका छापू नये.

प्रश्न : आमचे ढोल-ताशा पथक नदीकाठी सराव करते. स्पीकर नाही, मग परवाना कशाला? — पथकप्रमुख, पुणे

उत्तर : वरच्या उत्तराचा शेवट आपल्यालाही लागू आहे. ध्वनिक्षेपकाचा परवाना आपल्याला नको, पण रात्री दहानंतर ढोल वाजवता येणार नाही. सरावाची जागा महापालिकेची किंवा पाटबंधारे खात्याची असेल तर तिची परवानगी निराळी. पथकातल्या वादकांची संख्या ३० वर आणण्याचा राष्ट्रीय हरित लवादाचा २०२४ चा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्थगित केला होता. परंतु तो वाद संख्येचा होता, वेळेचा नव्हे.

प्रश्न : आमची शाळा रुग्णालयापासून ८० मीटरवर आहे. स्नेहसंमेलन पटांगणात घ्यावे की नाही? — मुख्याध्यापिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : रुग्णालय, शैक्षणिक संस्था आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र घोषित करता येतो. ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय असा परिसर आपोआप शांतता क्षेत्र ठरत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे आपला भाग अधिसूचित आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारणे. शाळा स्वतःही शैक्षणिक संस्था असल्याने हा प्रश्न तिच्या पटांगणालाही लागू होतो. क्षेत्र अधिसूचित असेल तर कार्यक्रम सभागृहात घ्यावा. नसेल तर परवाना घेऊन, दुपारी, स्पीकरची तोंडे रुग्णालयाच्या विरुद्ध दिशेला करून घ्यावा, आणि आदल्या दिवशी रुग्णालयातल्या मुख्य परिचारिकेला स्वतः भेटून वेळ सांगावी. हे नियमात नाही, पण ऐनवेळी येणारे दूरध्वनी त्यामुळे टळतात.

प्रश्न : माझे वय ७८ आहे. समोरच्या मैदानावर परवाना असलेले कार्यक्रम होतात आणि आवाज असह्य असतो. तक्रार केली तर नाव फुटेल, अशी भीती वाटते. — एक वाचक भगिनी, मुंबई

उत्तर : आजी, परवाना असला तरी तक्रार करण्याचा आपला हक्क कायम राहतो. आवाज मानकापेक्षा १० डेसिबल किंवा त्याहून जास्त असेल, किंवा रात्रीची बंदी मोडली जात असेल, तर नियम ७ खाली तक्रार करता येते. आपल्याकडे मापक असण्याची गरज नाही. मोजण्याचे काम पोलिसांचे आहे. ११२ वर दूरध्वनी करून ठिकाण, वेळ आणि आवाजाचे स्वरूप सांगावे व तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.

नाव फुटण्याची आपली भीती न्यायालयानेही दखल घेण्याजोगी मानली आहे. कुर्ला भागातील रहिवासी संघटनांनी प्रार्थनास्थळांवरील ध्वनिक्षेपकांविरुद्ध केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये निकाल दिला. पोलिसांनी तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करावी, पहिल्या वेळी समज द्यावी, पुन्हा घडल्यास दंड करावा आणि त्यानंतरही न थांबल्यास ध्वनिक्षेपक जप्त करावा, असा क्रम त्यात सांगितला आहे. ते प्रकरण प्रार्थनास्थळांचे असले तरी ओळख गुप्त ठेवण्याबद्दलची भूमिका २०१६ पासूनची आहे, ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवरील निकालात ती मांडली गेली होती. दूरध्वनीवर कोणी नाव विचारलेच, तर या निकालाचा उल्लेख शांतपणे करावा.

आणखी एक करता येईल. प्रत्येक कार्यक्रमाच्या रात्री धावपळ करण्यापेक्षा इमारतीतल्या चार-सहा जणांच्या सह्यांनी पोलीस ठाण्यात आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयात आधीच एक पत्र द्यावे. या मैदानासाठी परवाना देताना स्पीकरची दिशा व संख्या ही अट म्हणून लिहावी आणि हद्दीवर, म्हणजे आपल्या इमारतीच्या बाजूच्या कुंपणापाशी, मोजणी करावी, अशी मागणी त्यात असावी. पत्र अनेकांच्या सह्यांनी गेल्यामुळे एकट्या आपल्या नावाचा प्रश्न उरत नाही. पोच घेतलेली प्रत जपून ठेवावी. पुढच्या कार्यक्रमाच्या वेळी दूरध्वनीवर तिचा आवक क्रमांक सांगता येईल.